कुणाचा उजवा?

वहिनींनी गुडघ्याला पट्टा आवळला, दादाची काठी उचलली आणि म्हणाल्या, "चला भाऊजी. आणि वाटेत उगाच 'बसा, बसा' करू नका. एकदा बसले की मला उठवत नाही."

"चढ आहे, वहिनी. अजून विचार करा."

"वर्षभर विचारच केलाय."

झालं, पुढे काय बोलणार? बाकी जगापुढे माझं तोंड भलतं चालतं. घरात मला लहानपणापासून चिडका बिब्बा म्हणतात, आणि कचेरीत माझ्या पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण वहिनींपुढे माझा आवाज कधी चढला नाही. चढायचा तो दादापुढे. सख्खा मोठा भाऊ, चार वर्षांनी मोठा, कधी उलटून बोलायचा नाही, मग काय, सगळा राग काढायला हक्काचं माणूस!

दादाचं चष्म्याचं दुकान. पुढे तो डोळे तपासायचा, मागच्या खोलीत वहिनी काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. सदतीस वर्षं दोघांनी हेच केलं. बासष्टाव्या वर्षी दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. रोज अर्धा तास, असं त्यांना म्हणायचं होतं. दादानं ते इतकं मनावर घेतलं की दर रविवारी पाठीला पिशवी लावून टेकड्या तुडवायला लागला. टेकड्या कुठल्या, तर मी जिथे नोकरी केली त्या. तिथे एका खोऱ्यात एकाखाली एक असे तीन तलाव आहेत. मधल्या तलावाच्या भिंतीवरची मोजपट्टी वाचायची, पाणी किती चढलं किती उतरलं ते वहीत लिहायचं आणि खालच्या तलावाला फोन करून सांगायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं मी त्या पाण्याकडे बघत बसलो.

त्या मधल्या तलावाच्या काठी, गाळात, दादा गेला. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

वहिनी रडल्या नाहीत. लोकांना वाटलं, बाई धीराची आहे. धीर कसला, राग होता तो. दादाचा फोटो त्यांनी दुकानात लावला नाही, स्क्रूच्या डब्यांच्या खणात पालथा घालून ठेवला. माझ्याजवळ एकदाच बोलल्या. "तुम्ही माझ्यासमोर, जेवताना, शंभरदा सांगितलं होतंत त्यांना. डाव्या तीराला पाय ठेवू नकोस, पाणी उतरलं की तिथे गाळ असतो, वरून कोरडा दिसतो आणि आत माणूस गिळतो. मान हलवून ऐकायचे. आणि गेले कुठे? तर डाव्याच तीराला! हट्टानं गेले, भाऊजी. मला एकटीला टाकून हट्टानं गेले."

मी तेव्हा गप्प बसलो. कारण दादा हट्टानं गेला नव्हता, माझ्यामुळे गेला होता. वर्षभर हे मी गिळून बसलो होतो आणि वहिनी एका निरपराध माणसाला रोज मनातल्या मनात फैलावर घेत होत्या. "मला ती जागा दाखवा," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी ठरवलं, तिथे गेल्यावर सांगून टाकायचं. ठरवलं खरं, पण सांगायची हिंमत मी बहुतेक घरीच विसरून आलो होतो.

बसनं आम्हाला खिंडीत सोडलं. दादाही तिथेच उतरायचा. आभाळ खाली आलेलं होतं, धुकं होतं, आणि गवत ओलं होऊन वाटेवर आडवं पडलेलं. तिथल्या टेकड्या उंच नाहीत, नुसत्या पुष्कळ आहेत. एक चढून गेलं की वाटतं संपलं, तर पुढे तशीच दुसरी. वहिनी पाच पावलं चालायच्या, थांबायच्या, परत चालायच्या. मी पुढे जाऊन उभा राहायचो आणि चिडचिड होऊ नये म्हणून दुसरीकडे बघायचो.

"ह्यात काय मजा वाटायची हो त्यांना?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"चालताना त्याला कुणी प्रश्न विचारत नाही, असं म्हणायचा."

"प्रश्न तर तेच विचारायचे जगाला!" वहिनी म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा थोड्या हसल्या. "आमच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, नवरदेव, जरा उजवीकडे सरका. तर हे काय म्हणाले आठवतंय?"

"कुणाच्या उजवीकडे?"

"सगळा मांडव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

ही दादाची जुनी खोड. त्याला कारणही होतं. दुकान काढलं त्याच पहिल्या वर्षी त्यानं एका मास्तरांच्या काचांची अदलाबदल केली. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, तिथे गफलत झाली. मास्तर नवा चष्मा लावून ऐटीत घरी निघाले आणि जिन्यावरून गडगडले. हात मोडला. दादा रोज फळं घेऊन त्यांना भेटायला जायचा. तेव्हापासून उजवा शब्द कानावर पडला की त्याचा प्रश्न ठरलेला. घरात कुणी म्हणालं, उजव्या कपाटातली चादर दे, की हा दारात उभा, "कुणाच्या उजव्या?" मला तर अशी तिडीक जायची! एवढंसं काम, आणि ह्याची उलटतपासणी. मी म्हणायचो, दादा, तू स्वर्गाच्या दारातही हेच विचारशील.

हे मी त्याला हसत म्हणायचो. आता आठवलं की नकोसं होतं.

दुपारी दीडच्या सुमारास आम्ही मधल्या तलावाच्या भिंतीवर उतरलो. माझी जुनी खोली बंद होती, दाराला कुलूप आणि कुलपाला गंज. पाणी खूप उतरलं होतं, काठ उघडे पडले होते. समोरचं टोक धुक्यात दिसत नव्हतं. तिथे, तलाव संपतो त्या टोकाला, परतीच्या बसचा थांबा आहे. भिंतीवरून तिकडे जायला दोन बाजू. एका बाजूला बांधून काढलेली पक्की वाट. दुसऱ्या बाजूला ओहोळ येऊन मिळतो आणि गाळ साचतो.

खाली दगडांवर एक माणूस गळ टाकून बसला होता. त्याच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

वहिनी पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग भिंतीच्या टोकाशी गेल्या, काठीनं गवत बाजूला केलं आणि वाकल्या. चष्म्याच्या बारीक स्क्रूंवर सदतीस वर्षं काढलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार? तिथे एक दगड होता आणि त्यावर विटलेली दोन अक्षरं होती. ती मीच रंगवली होती, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.

"भाऊजी, 'उ. ती.' म्हणजे काय?"

"उजवा तीर."

त्यांनी दगडाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "पण हा तर डाव्या हाताला आहे."

ज्याला घाबरत होतो ते आपणहून समोर येऊन उभं राहिलं होतं.

"आमच्या खात्यात तीर माणसावरून ठरत नाही, वहिनी. पाण्यावरून ठरतो. पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करायचं, आणि उजव्या हाताला येईल तो उजवा तीर. मग तुम्ही उलटे उभे राहा नाहीतर डोक्यावर उभे राहा, तीर बदलत नाही. आपण आता उलटे उभे आहोत."

"हे ह्यांना माहीत होतं?"

"नाही. मला वाटायचं, सगळ्यांनाच माहीत असतं. एकतीस वर्षं दुसऱ्या कुणाशी बोललो असेन तर ना! ज्यांच्याशी बोललो ते सगळे खात्यातले."

मी दगडावर बसलो, आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना.

"त्या दिवशी साडेचारला मला फोन आला होता."

"कुणाचा?"

"दादाचा. इथूनच केला होता, ह्या भिंतीवरून. धुकं उतरलंय, समोरचं दिसत नाही, एरवी मी खिंडीतूनच परततो, थांब्याकडे कुठून जाऊ, असं विचारलं. मी म्हटलं, उजव्या तीरानं जा."

वारा नव्हता. खाली त्या माणसानं गळ ओढून पुन्हा टाकला, त्याचा आवाज आला.

वहिनी तिथल्या तिथे वळल्या. एकदा पाण्याकडे पाठ केली, उजवा हात वर केला. मग पाण्याकडे तोंड केलं, उजवा हात वर केला. दुकानात नवी काच बसवण्याआधी त्या असंच दोनदा बघून घ्यायच्या.

"म्हणजे हे उजवीकडेच गेले."

"हो."

"तुमचं ऐकून."

"हो."

"हट्ट नाही केला."

"नाही वहिनी. मी सांगितलं तेच केलं त्यानं. आणि आम्ही शोधलं तेही उजव्या तीरानंच. मीच सगळ्यांना तिकडे नेलं. ठामपणे सांगत होतो, मी शंभरदा सांगितलंय त्याला, तो इकडेच असणार. सकाळी उजाडल्यावर एका गुराख्यानं समोरच्या काठावर काठी पाहिली. ती काठी दिसली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोलिसांनी फोनचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. भेकड आहे मी, वहिनी."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. काठी उगारली असती तरी मी हललो नसतो. पण त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या, ज्यांना बसलं की उठवत नाही त्या.

"वर्षभर मी त्या माणसाला शिव्या घालतेय," त्या म्हणाल्या. "फोटो पालथा घातलाय. आणि तो बिचारा, सांगितलं तसं सरळ चालत गेला."

"माझी चूक झाली."

"चूकच. मुद्दाम थोडंच केलंत? आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? गिऱ्हाइकाचा उजवा तो आमचा डावा. ज्याची त्याची बोली." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तरांनी नाही का माफ केलं ह्यांना? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चला, जागा दाखवा मला."

खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा छातीत पुरता श्वास गेला. मी त्यांना हात देऊन उठवलं आणि डाव्या तीराच्या वरच्या अंगानं, टेकडीला धरून, पुढे घेऊन गेलो. ती वाट सुरक्षित आहे, पण माहीत असणाऱ्यालाच सापडते. धुक्यात नवख्या माणसाला पाण्याचा काठ तेवढा दिसतो, आणि तो काठ धरून चालतो.

ओहोळाच्या तोंडाशी आम्ही थांबलो. गाळ वरून वाळून भेगाळला होता. कुणी म्हणालं नसतं की ही जमीन नाही.

"इथे?"

"त्या ठेंगण्या झुडपाच्या पलीकडे. काठी आडवी टाकली होती त्यानं. तिच्यावर भार देऊन निघायचा प्रयत्न केला असणार. कमरेच्या वर रुतला नव्हता, पण फोन गाळात गेला होता. डॉक्टर म्हणाले, थंडीनं हृदय थांबलं."

वहिनींनी तीच काठी पुढे करून गाळावर टेकवली. जोर न लावताच ती हातभर आत गेली. त्यांनी ती हळूच बाहेर काढली आणि गवताला पुसली. मग बोलायला लागल्या, पण माझ्याशी नाही.

"तुमचंही चुकलंच हो," त्या गाळाकडे बघून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. घरी उशिरा आलेल्या माणसाला बोलावं तसं बोलत होत्या. "जन्मभर जगाला भंडावून सोडलंत. कुणाचा उजवा, कुणाचा उजवा. चादर काढायची तर विचारलंत, लग्नात उभं राहायचं तर विचारलंत. आणि नेमकं त्या दिवशी विचारलं नाहीत. एकदा विचारलं असतंत तर भाऊजींनी सांगितलं नसतं का?"

मी गप्प राहिलो असतो तर तिथेच संपलं असतं. वहिनी मला माफ करून मोकळ्या झाल्या होत्या. दादाकडे थोडासा दोष राहिला असता. मेलेल्या माणसाला त्याचं काय ओझं? घरी जाऊन त्यांनी फोटो सुलटा केला असता, मी दर रविवारी पूर्वीसारखा जेवायला गेलो असतो. हे सगळं मला तिथे उभं राहून स्पष्ट दिसत होतं.

"विचारलं होतं त्यानं," मी म्हणालो.

वहिनी वळल्या.

"मी म्हटलं, उजव्या तीरानं जा. तो म्हणाला, कुणाचा उजवा?"

"मग?"

"मी कचेरीतल्या जुन्या लोकांबरोबर पत्ते खेळत होतो. हातात चांगली पानं आली होती. सगळे माझ्या उतारीसाठी थांबले होते."

"मग, भाऊजी?"

"मी खेकसलो. म्हटलं, उजवा म्हणजे उजवा! उजव्याला काय दोन उजवे असतात? सहासष्टाव्या वर्षी आता तुला उजवं-डावं शिकवू का? आणि फोन ठेवला. सगळे हसले. मीही हसलो."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चष्म्यावर धुक्याचे थेंब जमले होते, त्यांनी पुसले नाहीत.

"ते काही म्हणाले? फोन ठेवायच्या आधी?"

"'बरं बरं, चिडू नकोस,' एवढंच म्हणाला."

तेव्हा वहिनी रडल्या. वर्षभराचं साचलेलं होतं, ते सगळं एकदम आलं. काठीवर दोन्ही हात ठेवून, वाकून, त्या मोठ्यानं रडल्या, आणि रडता रडता गाळाकडे बघून म्हणाल्या, "विचारलं होतंत! विचारलं होतंत तुम्ही!" शाबासकी दिल्यासारखं. तीनदा म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर दुःख होतं आणि त्यात एक समाधानही होतं, ते मी नीट पाहिलं. त्यांना त्यांचा नवरा जसा होता तसा परत मिळाला होता. मी तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या.

मी पुढे होऊन हात दिला. त्यांनी तो घेतला नाही.

आम्ही परत भिंतीकडे निघालो. त्या पुढे होत्या. वरच्या अंगाची ती वाट एकदाच पाहिलेली, पण एकदाही चुकल्या नाहीत, आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. गुडघा दुखत असणार, एकदोनदा काठीवर रेलून थांबल्या. मी थांबलो की लगेच निघायच्या.

भिंतीवर आलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि धुकं पुन्हा दाटलं होतं. परतीची बस समोरच्या टोकाला, पाच वाजता. मी 'वहिनी' म्हणायला तोंड उघडलं. पण त्या भिंतीच्या कडेला गेल्या, खाली वाकल्या आणि गळ टाकून बसलेल्या त्या माणसाला हाक मारली.

"अहो दादा! बस थांब्याकडे जायला कुठून जायचं?"

एकतीस वर्षं ह्या पाण्यावर काढलेला माणूस पाच पावलांवर उभा होता. त्यांनी परक्या माणसाला विचारलं.

त्यानं आमच्याकडे तोंड करून वर पाहिलं. "उजवीकडून जा, ताई. पक्की वाट आहे."

"कुणाच्या उजवीकडून?" वहिनींनी विचारलं.



तो माणूस हसला. गळाची काठी त्यानं दोन दगडांत खोचली, विजारीला हात पुसले आणि पायऱ्या चढून वर आला. वहिनींच्या शेजारी येऊन, त्यांचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला आणि डावा हात लांब केला.

"ह्या हाताला. तो अक्षरांचा दगड आहे ना, तिथून सरळ," तो म्हणाला आणि खाली जाऊन पुन्हा आपल्या गळापाशी बसला.

अर्धं मिनिटही लागलं नाही त्याला.